उतारावरचं अंगण

साऱ्या गल्लीत तिला सिस्टर म्हणत. मोठ्या दवाखान्यातल्या नोकरीत हे नाव चिकटलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. भाजीवाला सिस्टर म्हणे, वरच्या मजल्यावरची मालकीणकाकू सिस्टर म्हणे, आणि खालच्या अंगाला राहणारा घड्याळजी तर वयाने तिच्याहून मोठा असूनही मान खाली घालून सिस्टर म्हणे. न म्हणणारा एकच माणूस होता, तिचा सख्खा भाऊ. तो तिला ठमे म्हणायचा. लहानपणी ती गुटगुटीत होती म्हणून ठमी. पुढे ती वाळून काडी झाली तरी त्याने नाव बदललं नाही.

तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे लोक एकेक करून थकले आणि मग जगातूनच गेले. नोकरी संपली तेव्हा दवाखान्याची खोली सोडावी लागली आणि टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या घराचा तळमजला तिने भाड्याने घेतला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागचं दार उघडलं की अंगण. अंगण म्हणायचं ते जिभेच्या सोयीसाठी. तो एक उतार होता. वरच्या टोकाला एक जुनं, अवाढव्य झाड, त्याच्या फांद्या इतक्या पसरलेल्या की भरदुपारीही खाली संध्याकाळच असायची. तिथून जमीन घसरत घसरत खालच्या बुटक्या भिंतीपर्यंत जायची, आणि भिंतीपलीकडे लगेच घड्याळजीची खिडकी.

घर देताना काकूने एकच अट घातली होती.

"मागचं अंगण तुमच्याकडे. माझे गुडघे मला तिथं उतरू देत नाहीत, आणि भाडेकरू तर ढुंकून बघत नाहीत. आधीच्याने तिथं जंगल करून ठेवलं होतं."

"काळजी नको," सिस्टर म्हणाली. "मी वॉर्ड सांभाळलाय."

आणि तिने तो उतार वॉर्डासारखाच सांभाळला. रोज सकाळी खराटा घेऊन वरपासून खालपर्यंत झाडून काढायची. एक पान राहू द्यायची नाही. सावलीत उगवलेलं गवत पिवळं पडलं की उपटून टाकायची. पोतंभर पालापाचोळा कचऱ्याच्या गाडीत जायचा. काकू वरच्या खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "अंगण कसं आरशासारखं झालंय." सिस्टरला तेवढं पुरे होतं.

मग पावसाने दगा दिला. एक वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी ढग नुसते येऊन बघून गेले. नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, तेही करंगळीएवढं. अंगणातली माती आधीच उघडी, त्यात झाडाची मुळं असेल नसेल ती ओल ओढून घेणारी. मातीचं पीठ झालं. वारा सुटला की ते पीठ उतारावरून उठायचं आणि सरळ भिंतीपलीकडे जायचं.

घड्याळजी हा भांडायला येणारा माणूस नव्हता. तो आला तो हातात एक उघडलेलं मनगटी घड्याळ घेऊन.

"सिस्टर, हे बघा." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. आत इवल्याशा चाकांवर धुळीचा थर होता. "मी खिडकी बंद करून बसलो तर गुदमरतो. उघडली तर हे. लोक म्हणतात, दुरुस्त केलेलं घड्याळ चार दिवसांत परत बंद पडतं. माझ्या हाताला आता वयाचा दोष देतात."

"मी रोज झाडते हो," सिस्टर म्हणाली.

"तेच म्हणतो," घड्याळजी म्हणाला आणि भिंग परत घेऊन निघून गेला. सभ्य माणसांचा हाच त्रास असतो, अर्धं बोलतात आणि उरलेलं आपल्याला रात्रभर चघळायला देतात. सिस्टरला वाटलं, अजून नीट झाडायला हवं. दुसऱ्या दिवसापासून ती दोनदा झाडू लागली.

अशात भाचा आपल्या वडिलांना, म्हणजे तिच्या दादाला घेऊन आला.

दादा घाटातल्या बसचा ड्रायव्हर होता. उभी हयात त्याने वळणं आणि उतार यांवर काढली. आई-वडील गेल्यावर ठमीला त्यानेच वाढवलं. नर्सिंगच्या शाळेत सोडायला तो तिला आपल्याच बसमधून न्यायचा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचा आणि सगळ्या वाटेत आरशातून तिच्याकडे बघून डोळे मिचकावायचा. आता वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाच्याला परक्या मुलखात काम मिळालं होतं. त्याने बॅग दाराशी ठेवली.

"आत्या, थोडे दिवस. मी तिकडे जम बसवतो, मग बाबांना नेतो."

थोडे दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही कळत होतं. भाच्याने जाताना हळू आवाजात एवढंच सांगितलं, "बाबा अधूनमधून विसरतात." सिस्टरने मान डोलवली. तिने अशी माणसं पुष्कळ पाहिली होती. पण ती दुसऱ्यांची होती, आणि पाळी संपली की ती त्यांना दुसऱ्या नर्सच्या हवाली करून घरी जायची.

पहिले काही दिवस बरे गेले. दादा जेवायचा, पेपर उलटा-सुलटा करायचा, मागच्या दारात खुर्ची टाकून उतार बघत बसायचा. मग एके सकाळी सिस्टर खराटा घेऊन बाहेर आली तर घराच्या मागच्या भिंतीला लागून, उताराच्या बाजूला, ओळीने दगड ठेवलेले. चांगले मोठमोठे. हे दगड याने कुठून आणि कसे उचलले, देव जाणे.

"दादा, हे काय मांडलंयस?"

"चाकाला दगड लावलेत," दादा म्हणाला. "गाडी उतारावर उभी आहे ठमे. हँडब्रेकवर विसंबून राहू नये."

"हे घर आहे दादा."

"आत माणसं आहेत ना?" दादाने विचारलं.

तिने दगड उचलून कोपऱ्यात नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी ते परत जागेवर. पुन्हा तिने काढले, पुन्हा त्याने लावले, आणि आता घराशीच नाही, तर उतारावर मधेमधेही. काकू वरून ओरडली, "सिस्टर, हे खाणकाम कधी संपायचं?" सिस्टरची कंबर धरली. शेवटी ती दमली आणि म्हणाली, राहू देत, कोणाचं काय घोडं मारतायत. दगड असल्यामुळे खराटा नीट फिरेना, म्हणून झाडणंही सुटलं. पानं साचू लागली. पहिले काही दिवस तिला ते डोळ्यांत खुपायचं, वॉर्डात कोणी मळकी चादर तशीच ठेवावी तसं.

त्यानंतर एकदा सलग वारा सुटला. दारं-खिडक्या आपटत होत्या, आकाश मातकट झालं होतं. वारा पडल्यावर सिस्टर धास्तावूनच भिंतीपाशी गेली. घड्याळजी खिडकीत बसून काम करत होता. त्याने भिंग कपाळावर सरकवलं.

"या वेळी काय केलंत तुम्ही? टेबलावर बोट फिरवलं तर जेमतेम उमटतंय."

सिस्टर मागे वळली. उतारावर बघितलं तर प्रत्येक दगडाच्या वरच्या बाजूला माती अडून बसली होती, आणि मातीवर पानांचा थर. तिने पानं बाजूला करून बोट घातलं. आत गार लागलं. ओल नव्हती म्हणावी अशी, पण गारवा होता. इतके दिवस आपणच या जमिनीची कातडी खराट्याने सोलून काढत होतो, हे तिच्या लक्षात आलं. ती तिथेच उकिडवी बसली आणि थोडी हसली, कारण रडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या दिवसापासून ती दोघं मिळून कामाला लागली. वाट्टेल तसे पडलेले दगड तिने उताराला आडवे, एका रांगेत लावायला घेतले. दादा दगड आणून द्यायचा आणि प्रत्येक दगड पायाने दाबून बघायचा. "हलतोय," म्हणायचा, "काढ, परत बसव." त्यात त्याची कधी चूक झाली नाही. रांगांच्या मागे ती पालापाचोळा पसरायची. भांडी विसळलेलं पाणी, कपड्यांचं शेवटचं पाणी, दादाच्या अंघोळीचं पाणी बादलीत धरून ठेवायची आणि वाटीवाटीने ओतायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात कुंड्यांमधून जाड पानांची रोपं होती, ज्यांना ऊनही नको आणि पाणीही फारसं नको. तिने जुन्या ओळखीवर त्यांचे फुटवे मागून आणले आणि रांगांमागे लावले. बहुतेक जगले. घड्याळजी भिंतीपलीकडून आपली पाण्याची बादली उचलून द्यायला लागला. "हातपाय धुतलेलं आहे," एवढंच सांगायचा, जणू काही गुन्हा कबूल करतोय.

ते थोडेसे आठवडे चांगले होते. दादाला कामामुळे भूक लागायची, झोप लागायची. एकदा त्याने रोपांच्या रांगेकडे बघून म्हटलं, "ठमे, सगळे प्रवासी बसलेत नीट." ती म्हणाली, "उभं कोणी नाही."

पण उन्हाळा वाढत गेला. नळ दोन दिवसांआड येऊ लागला. मागच्या दाराशी एक मोठं पिंप होतं, त्यात दोन्ही मजल्यांचं प्यायचं पाणी साठवायचं ठरलेलं. काकूला खाली येववत नसे, म्हणून सिस्टरच तिला कळशी भरून वर नेऊन द्यायची. एका दुपारी सिस्टर जरा आडवी झाली होती. उठली तर मागच्या दारी पाण्याचा आवाज. दादा बादल्यांमागून बादल्या भरून घराच्या मागच्या भिंतीवर ओतत होता. पिंपाचा तळ दिसत होता. पाणी उतारावरून वाहत, पानं घेऊन, खालच्या भिंतीशी जाऊन त्याचा चिखल झाला होता.

"दादा!"

"इंजिन तापलंय," तो धापा टाकत म्हणाला. "वाफ बघ कशी येतेय. कोणी लक्षच देत नाही."

वरून काकू बघत होती. "सिस्टर, मी आता काय पिऊ?" ती म्हणाली. रागाने नाही, घाबरून. ते जास्त लागलं.

सिस्टरने आयुष्यभर वॉर्डात आवाज चढवला नव्हता. अंगावर थुंकणारे, चावणारे, शिव्या देणारे रुग्ण तिने हाताळले होते. त्या दुपारी तिने दादाच्या हातातली बादली हिसकावली, त्याला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं आणि म्हणाली, "तुझ्याच पोराने तुला टाकलं, आणि मी का म्हणून मरू? कोणी बोलावलं होतं तुला इथं?"

दादाने तिच्याकडे बघितलं, ते बघणं तिला ओळखीचं होतं. नव्या रुग्णाला पहिल्यांदा सुई टोचली की तो असंच बघतो. मग त्याने आपल्या ओल्या बाह्या नीट केल्या आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं सिस्टर. परत नाही करणार."

तिला वाटलं, रागाने म्हणतोय. संध्याकाळी तिने त्याला ताट वाढलं, पाठीवरून हात फिरवला, "दादा, मी ठमी," म्हणाली. तो म्हणाला, "जेवण छान आहे सिस्टर." सकाळीही तेच. आधी तिने समजूत घातली, मग जुन्या गोष्टी सांगितल्या, बसच्या, आरशाच्या, मागच्या सीटच्या. तो लक्ष देऊन ऐकायचा, जसं दुसऱ्याच्या घरचं ऐकावं. ठमी नावाची कोणी मुलगी होती का, तर होती, म्हणायचा. कुठे आहे आता, तर शाळेत सोडून आलो, म्हणायचा. आजार वाढायचाच होता, तिने हे हजारदा दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं. एका वाक्याने कोणी कोणाला विसरत नाही, हेही तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असून उपयोग काय?

पाणी घड्याळजीने दिलं. आपल्या घरातला अर्धा साठा त्याने भिंतीवरून पोहोचता केला आणि काकूची कळशी स्वतः जिना चढून वर नेऊन ठेवली.

दादा त्यानंतर फार गुमसुम झाला. दगडांना हात लावायचं त्याने सोडलं. विचारल्याशिवाय खुर्चीतून उठायचा नाही. "सिस्टर, जाऊ का?" असं न्हाणीघरात जायलाही विचारायचा. सिस्टरला त्याचा तो शहाणपणा बघवत नसे. एकदा तिनेच त्याला हाताला धरून अंगणात नेलं, दगड दाखवला, "हलतोय का बघ," म्हणाली. त्याने पाय लावला, पण दाबला नाही.

झाड आता पानं गाळत होतं. तहानेने गाळत होतं, ऋतू नव्हता तो. उतारभर कोरडी, कुरकुरीत पानं पडली होती आणि सिस्टर ती तशीच ठेवत होती, कारण त्यांच्याखाली माती जिवंत राहायची. पाणी यायच्या दिवशी सकाळी ती पुढच्या दारी नळाशी कळशा भरत उभी होती. मागच्या दाराची कडी तिने लावली होती की नाही, हे तिला नंतर किती आठवलं तरी आठवलं नाही. घड्याळजीची हाक आली. त्याने तिला नाव घेऊन हाक मारली, तिच्या खऱ्या नावाने, जे त्याला ठाऊक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्यावरूनच ती समजली.

दादा उताराच्या मध्यावर पडला होता. एक पाय विचित्र बाजूला वळलेला. त्याच्या वरच्या बाजूला पानं घसरत गेल्याची लांब खूण होती, घासून निघालेली. घड्याळजी भिंत ओलांडून आला होता आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"खाली कुठे निघाला होतास?" तिने खुब्याला हात न लावता विचारलं. हात लावायची गरजच नव्हती, पायाच्या वळण्यावरूनच कळत होतं.

"गाडी बघायला," दादा म्हणाला. "सुटली असं वाटलं."

दवाखान्यात त्याला तिच्याच जुन्या वॉर्डात खाट मिळाली. नव्या नर्स मुलींनी तिला ओळखलं, खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही. खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसली, ज्यावरून आयुष्यभर तिने नातेवाइकांना वेळ संपली म्हणून उठवलं होतं. शस्त्रक्रिया झाली नाही, छाती तेवढी मजबूत नव्हती. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत पुढे काय भरतं हे तिला सांगायला कोणी आलं नाही, आणि डॉक्टरने सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिनेच हात वर करून त्याला थांबवलं.

शेवटच्या दिवसांत दादाला एकच काळजी होती.

"सिस्टर, गाडी सुटायची वेळ झाली का?"

"अजून नाही. प्रवासी यायचेत."

"त्यांना म्हणावं, सामान वर बांधा. आत पाय ठेवायला जागा नाही."

"सांगते."

तो गेला तेव्हा ती तिथेच होती. तिने सगळं स्वतःच्या हाताने केलं, नळ्या काढल्या, डोळे मिटवले, चादर नीट केली. मुली म्हणाल्या, आम्ही करतो. ती म्हणाली, "मला येतं."

भाचा सगळं आटोपल्यावर पोहोचला. विमान चुकलं, मग दुसरं मिळालं नाही, असं काहीसं सांगत होता. तिने पुरतं ऐकलं नाही. दुपारी तो मागच्या दारात उभा राहिला आणि उताराकडे बघू लागला. दगडांच्या रांगा, त्यामागे रोपं, काही हिरवी, काही वाळून काळी पडलेली.

"हे बाबांनी केलं?"

"दोघांनी."

काकूने वरून विचारलं होतं, आता सगळ्याला फरशी घालून घेऊ का, कटकट नको. सिस्टर म्हणाली होती, सध्या राहू द्या. त्यापलीकडे तिने विचार केला नव्हता. एखाद्या दिवशी तिला वाटायचं, घालावी फरशी, पान न् पान झाडून टाकावं. पण खराट्याला हात लावला की तो परत ठेवून द्यायची.

भाच्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "आत्या, शेवटी बाबांना माझी आठवण होती का?"

दवाखान्यात असताना सिस्टर नातेवाइकांशी कधी खोटं बोलली नव्हती. दिलासा वेगळा आणि थाप वेगळी, असं ती नव्या मुलींना शिकवायची. भाच्याचे खांदे दादासारखे होते, थोडे पुढे झुकलेले, जणू समोर स्टिअरिंग आहे.

"होती," ती म्हणाली. "सारखं विचारायचा. पोरगं कधी येतंय, म्हणायचा."

भाच्याने तोंड फिरवलं. त्याचा चेहरा तिला दिसला नाही आणि तिने बघायचा प्रयत्नही केला नाही. तो रडतोय की काय, हे समजायच्या आत ती बादली घेऊन उतरली. पाणी थोडंच होतं. वाळलेली रोपं ओलांडून ती पुढे गेली, जी जगतील असं वाटलं त्यांच्या बुडाशी तिने वाटीवाटीने पाणी घातलं आणि उरलेली उपटायला तिथेच बसली.